भुऱ्यानं मग काय केलं?

गुरुजी, तुमच्या श्रद्धांजलीचे बॅनर मी दोन केले. एकावर भागणार नव्हतं. तुम्हाला पोचवून माणसं अजून घरी परतत होती, तोवर वरल्या आळीची पोरं माझ्या दुकानात येऊन बसलेली. "ताई, गुरुजींचा फोटू मधी घ्या, आन् वर साहेबांचा. खाली शोकाकुल म्हनून आमची सगळ्यांची नावं." मी म्हटलं, बरं. ती बाहेर पडतात न पडतात तोच खालच्या आळीची आली. त्यांचे साहेब वेगळे, नावं वेगळी, मागणी तीच. मी हात जोडून म्हणाले, बाबांनो, माणूस एकच गेलाय, एकच बॅनर करू, दोन्हीकडची नावं टाकते. त्यावर त्यातला एक काय म्हणाला सांगू? "त्यांच्या फोटूच्या शेजारी आमचा फोटू? गुरुजींला तरी आवडंल का?"

तुम्हाला काय आवडलं असतं हे आता तुमच्याच नावानं कुणीही सांगतंय, आणि तुम्हाला नाही म्हणता येत नाही.

केले दोन्ही. आमच्या ह्यांनी एक फाट्यावर लावला, दुसरा शाळेकडं वळायच्या रस्त्यावर. गावात दोन तट पडल्यापासून सगळंच दोन-दोन झालं होतं. दोन गणपती, दोन चहाची हॉटेलं, दोन केस कापायची दुकानं. आता दोन गुरुजी. फोटो मात्र दोन्हींवर एकच आहे, मी मोबाईलवर काढलेला, तोंड उघडं टाकून तुम्ही हसताय तो. दोन्ही आळीच्या पोरांनी मला एकच प्रश्न विचारला, "जरा गंभीर फोटू न्हाई का?" गेल्या वर्षभरात त्या दोघांचं एकमत झालेलं मी पहिल्यांदा पाहिलं. म्हटलं, नाही. त्यांचा तसला नव्हताच.

हसत होतात ते माझ्या एडक्याला बघून, हे मी त्यांना सांगितलं नाही.

आठवतंय ना, तुम्ही दुकानात पहिल्यांदा आलात तो दिवस? मी चौथीपर्यंत तुमच्या हाताखाली शिकले, पण त्यानंतर आपली गाठ म्हणजे बाजारात दिसलात तर नमस्कार, एवढीच. तुम्ही रिटायर झालात, मी लग्न होऊन गावातल्या गावातच राहिले आणि चौसाळ्याच्या हायवेवर फ्लेक्सचं दुकान टाकलं. त्या दिवशी मी कुणाच्या तरी वाढदिवसाचा बॅनर करत होते. गॉगल लावलेला पोरगा, त्याच्या मागं डरकाळी फोडणारा सिंह, बाजूला ज्वाळा. तुम्ही खुर्चीत बसून बराच वेळ बघत राहिलात. मग म्हणालात, "रेखे, ह्या तालुक्यात सिंह किती झाले गं? आन् समदे सिंह झाल्यावर शेळ्या कोन राखतंय?"

मला राग आला होता. माझं पोट त्या सिंहावर चालतं. मी म्हटलं, "गुरुजी, लोक सिंहच मागतात. शेळी टाकली तर पैसे देतील का?" तुम्ही म्हणालात, "मी शेळी न्हाई, एडका मागाया आलोय."

आणि मग तुम्ही शाळेचं सांगितलंत. रिटायर होऊनही तुम्ही आठवड्यातून एकदा गोष्टी सांगायला शाळेत जायचात. तिथं खिचडीच्या वेळी पोरं दोन रांगांत बसायला लागली होती. कुणी बसवली नव्हती. वरल्या आळीची भिंतीकडं, खालच्या आळीची व्हरांड्याकडं. काल-परवापर्यंत एका बाटलीनं पाणी पिणारी पोरं. ताटाला पाय लागला म्हणून वरल्या आळीच्या एकानं खालच्या आळीतल्या पोराचं डोकं फोडलं, आणि घरी गेल्यावर फोडणाऱ्याच्या बापानं त्याच्या पाठीवर थाप मारली म्हणे. हे सांगताना तुमचा आवाज बारीक झाला. "बाप रागावला असता तर मी काई तरी बोललो असतो," तुम्ही म्हणालात. "थाप मारली म्हनल्यावर मी काय बोलू? मला काई न्हाई येत दुसरं. गोष्ट येती. तू चित्रं काढ."

मी सांगितलं, मी आता चित्रं काढत नाही, मी डिझाईन करते. तुम्ही तुमच्या पिशवीतून पाठकोरे कागद काढून माझ्या टेबलावर ठेवलेत आणि म्हणालात, "नाव रेखा, आन् रेघ मारायचं इसरली. काय उपेग."

गुरुजी, हे तुम्हाला कधी बोलले नाही, आता बोलते. चौथीनंतर मला कुणी काहीतरी हातानं काढ म्हणून सांगितलं नव्हतं. सासर-माहेर, दुकान, मशीन, डिलिव्हरी, सगळीकडून मला 'पटकन दे' एवढंच ऐकू यायचं. तुम्ही मात्र 'सावकाश काढ' म्हणालात. त्या दोन शब्दांसाठी मी तुमचं कितीही देणं लागते, पण ते फेडायला तुम्ही थांबला नाहीत.

गोष्ट साधी होती. जत्रेत एडक्यांची टक्कर लागते. एका बाजूला काळ्या, दुसऱ्या बाजूला आपला भुऱ्या. दोघांच्या कपाळाला हळद, गळ्यात घुंगरं. माणसं ओरडतायत. आणि भुऱ्या टक्कर देत नाही. बस. एवढंच. पण ह्या 'एवढंच'नं आपला जीव खाल्ला.

पहिली पानं झरझर झाली. काळ्याचा राग तर मला एका बैठकीत जमला. रोज सिंह काढणाऱ्या बाईला राग काय अवघड आहे? भुऱ्या जमेना. त्याला शांत काढायला गेलं की तो झोपाळू दिसायचा. डोळे उघडे केले की घाबरलेला. ओठ जरा वर केले तर एखाद्या पुढाऱ्यासारखा, मत मागायला आलेला. तो झोपाळू भुऱ्या बघून तुम्ही म्हणालात, "ह्यो शांत न्हाई गं, ह्यो आमच्या सोसायटीचा चेअरमन हाय," आणि जे हसायला लागलात, तेव्हाच मी तो फोटो काढला.

मग आपलं भांडण. मी म्हटलं, सोपं आहे, भुऱ्या आणि काळ्या लहानपणी एका कळपातले दाखवू. जत्रेत एकमेकांना वासावरून ओळखतील आणि टक्कर देणार नाहीत. पोरं रडतील. तुम्ही कागदावर काट मारलीत. "वळखीच्या संगं कोन बी भांडत न्हाई, रेखे. अनवळखी संगं न्हाई भांडला, तर खरा."

मी म्हटलं, "गुरुजी, आपल्या गावात तर सगळे ओळखीचेच भांडतायत."

तुम्ही पेन खाली ठेवलंत. चहा आला, तो गार झाला. मला वाटलं मी जिंकले. आता वाटतं, तेव्हा नसते बोलले तर बरं झालं असतं; पण मी तशीच आहे, तोंडाळ, आणि तुम्हाला ते पाचवीच्या आधीपासून माहीत होतं. शेवटी तुम्ही एवढंच म्हणालात, "खरं हाय. म्हनून तर लिवाया लागलं." आणि ती काट तशीच ठेवलीत.

सगळ्यात मोठी फजिती झाली ती पुढच्या चित्रात. भुऱ्या टक्कर देत नाही, मग करतो काय? मी म्हटलं, मागं सरकतो. तुम्हालाही पटलं. मी चार दिवस खपून ते चित्र काढलं. भुऱ्या दोन पावलं मागं गेलाय, मान खाली, शेपटी खाली, मागं लाल माती, आणि मला वाटलं होतं की आख्ख्या बीड जिल्ह्यात असं सज्जन जनावर नसेल. तुम्ही ते शाळेत घेऊन गेलात. मीही आले होते, कौतुक ऐकायला. तुम्ही चित्र वर धरलंत, आणि सगळा वर्ग एका आवाजात ओरडला, "आता हानतंय! हान! हान!"

आपण दोघं एकमेकांकडं बघत राहिलो. मग एका पोरीनं उठून समजावून सांगितलं, अगदी हातवारे करून, की एडका मागं सरतो तो ताकद घ्यायला. जितका मागं, तितकी टक्कर मोठी. तिच्या घरी मेंढरं होती. मी हायवेवरची, तुम्ही खडूतले. आपल्याला कोण सांगणार? तुम्ही पोरांसमोर इतके हसलात की डोळ्यांतून पाणी आलं. बाहेर आल्यावर मात्र हसला नाहीत. झाडाखाली सायकलला टेकून उभे राहिलात आणि म्हणालात, "मागं सरलं तरी लोकांना वाटतं, आता हाननार. मग गरिबानं जावं तरी कुठं?"

मला वाटलं तुम्ही एडक्याबद्दल बोलताय. नंतर तुमच्या घरी काकूंनी सांगितलं, त्याच आठवड्यात तुम्ही दोन्ही आळींत जाऊन आला होतात. वरल्या आळीनं विचारलं, खालच्यांनी पाठवलं का? खालच्यांनी विचारलं, वरल्यांनी पाठवलं का? दोन्हीकडून चहा न पिता परत आलात. हे मला सांगितलं असतंत तर मी काय करणार होते, काही नाही. पण त्या दिवशी सायकलपाशी मी जरा गप्प तरी बसले असते.

चित्र फाडलं नाही मी. बाजूला ठेवलं.

मग तुम्ही म्हणालात, आधी वाक्य सापडू दे, चित्र आपोआप येईल. 'आणि भुऱ्यानं...' इथपर्यंत आलेलं होतं. पुढचा शब्द हवा होता. कितीतरी दिवस तुम्ही दुकानात येऊन नुसते शब्द टाकायचात, आणि मी माऊस हलवता हलवता ते उडवायचे. माघार घेतली? "म्हणजे हरला." नमतं घेतलं? "म्हणजे लाचार." पाठ फिरवली? "म्हणजे कृतघ्न." पाठ दाखवली, शेपूट घातली, पळ काढला? "हे तर तुम्हीच लिहू नका." सोडून दिलं? "म्हणजे मोठा उपकार केला काळ्यावर." गप्प बसला? "ते आम्ही सगळेच बसलोय." तुम्ही खुर्चीत मागं टेकून म्हणालात, "मराठीत भांडनाला शंभर शब्द हायेत बघ, आन् न भांडनाऱ्याला सगळ्या शिव्याच. आसं कावून गं?"

मी काय सांगू? मला तर तुमची गोष्टच पटत नव्हती, हे तुम्हाला माहीत होतं. माझं म्हणणं होतं, भुऱ्यानं एक तरी द्यावी. एकच. काळ्याला कळू दे की ह्याच्यात दम आहे, आणि मग भुऱ्यानं थांबावं. मग ती शांती शोभेल. आपल्या पोरांना न मारणारा एडका भित्राच वाटणार. माझी थोरली शाळेतून रडत आली तेव्हा मी काय सांगितलं होतं तिला? एक ठेवून दे म्हटलं होतं. दिलीसुद्धा तिनं, आणि परत कुणी वाटेला गेलं नाही. हे मी तुम्हाला तोंडावर सांगितलं. तुम्ही विचारलंत, "आन् जिला दिली ती?" मी म्हटलं, "ते तिच्या आईनं बघावं." तुम्ही काही बोलला नाहीत. पिशवी उचललीत आणि 'येतो' म्हणालात.

तुमचं ते न बोलणं मला लई लागायचं, गुरुजी. दोन शब्द सुनावले असतेत तर मी चार सुनावले असते आणि मोकळी झाले असते. आता तो वाद माझ्याकडं अर्धाच पडून आहे. तुमची बाजू मलाच मांडावी लागते आणि मग मलाच खोडावी लागते. घरात स्वयंपाक करताना, दुकानात मशीन चालू असताना. आमचे हे विचारतात, कुणाशी बोलतेस? मी काय सांगू, मेलेल्या माणसाशी भांडतेय म्हणून?

आपलं शेवटचं बोलणं तर शिंगांवर झालं. फोनवर तुम्ही म्हणालात, काळ्याची शिंगं जास्त काळी झाल्यात, थोडी माती लाव. मी म्हटलं, एडक्याचं नाव काळ्या आहे, शिंगं काय पांढरी काढू? तुम्ही हसलात आणि ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळीचं पाणी काढता काढता तुम्ही खाली बसलात. जीपमध्ये घालून बीडला नेईपर्यंत संपलं होतं सगळं. काकू म्हणतात, काहीच बोलले नाहीत. मी त्यांना पुन्हा पुन्हा विचारलं, काहीतरी म्हणाले असतील, एखादा शब्द. त्या माझ्याकडं बघतच राहिल्या. त्यांना वाटलं, मला तुमचा शेवटचा निरोप हवाय. मला भुऱ्याचं क्रियापद हवं होतं. लाज वाटली मला माझी.

मला तुमचा राग येतो, गुरुजी. हे लिहिते, म्हणजे तरी जरा कमी होईल. एवढं वय झालेल्या माणसानं दुसऱ्याच्या गळ्यात अर्धं काम घालून जाऊ नये. मी सिंह करणारी बाई बरी होते. आता सिंह करायला बसले तरी त्याच्या डोळ्यांकडं बघून हात थांबतो, आणि गिऱ्हाईक म्हणतं, ताई, पटकन.

काल शाळेत तुमची शोकसभा झाली. मोठ्या बाईंनी निरोप धाडला, तुमचं नि गुरुजींचं पुस्तक पोरांना वाचून दाखवा. मी म्हटलं, ते अर्धं आहे. त्या म्हणाल्या, जेवढं आहे तेवढं. मला नाही म्हणवेना. चित्रं घेऊन गेले.

पोरं सतरंजीवर बसली होती, तशीच, दोन भाग करून. मधे चालायला वाट सोडल्यासारखी रिकामी जागा. समोर टेबलावर तुमचा फोटो, हार. मोठ्या बाई बोलल्या, सरपंच बोलले, मग मला उभं केलं. मी वाचायला लागले. तुम्ही वाचताना जिथं थांबायचात तिथं थांबले. चित्रं एकेक वर धरली. काळ्याची शिंगं बघून पुढची पोरं मागं सरकली, म्हणजे शिंगं बरोबर होती, तुमची सूचना मी ऐकली नव्हती हे ठीकच झालं. जत्रा आली, हळद आली, माणसं ओरडायला लागली. आणि मी वाचलं, "काळ्या शिंगं रोखून उभा होता. आणि भुऱ्यानं..."

कागद संपला. मी चित्र खाली ठेवलं.

"मंग?" कुणीतरी म्हणालं.

मी म्हटलं, "पुढचं गुरुजींनी लिहिलंच नाही."

मग मागून एक पोरगा म्हणाला, "हानली आसंल." दुसरा म्हणाला, "हाट बे, गुरुजींचा एडका हाय त्यो. गुरुजी हानू देतेत व्हय?" "मंग काय पळाला का?" "पळाला न्हाई, हुबा ऱ्हायला." "नुसता हुबा? काळ्या दील की!" "दिऊ दे!" "दिऊ दे म्हनं! तुझं डोकं फुटल्यावर कळंल!" ती मेंढरंवाली पोरगी उठली आणि म्हणाली, एडका कधी कधी नुसती मान वळवून चरायला लागतो, तिनं बघितलंय. "जत्रंत गवत कुठनं आलं?" "हळदीवर काय चरतो का?" एकच गोंगाट झाला. पोरं उभी राहिली, एकमेकांच्या अंगावर जाऊन बोलायला लागली, कुणी कुणाची कॉलर धरली. शांतीची गोष्ट, आणि पोरांची मारामारी व्हायची वेळ. मी तुमच्या फोटोकडं बघितलं, तुम्ही आपले हसतच होतात.

आणि मग मला दिसलं. ज्यानं 'हानली' म्हटलं तो वरल्या आळीचा, आणि त्याच्या बाजूनं जो तावातावानं बोलत होता तो खालच्या आळीचा, ज्याचं डोकं फुटलं होतं तोच. 'हुबा ऱ्हायला' म्हणणाऱ्यांत दोन्हीकडची होती. 'चरायला लागला'वाल्यांतसुद्धा. मधली ती रिकामी जागा कुठं दिसेना. त्यांना स्वतःला ते कळलं नव्हतं. ती भुऱ्यासाठी भांडत होती. मला ओरडून सांगावंसं वाटलं, नका थांबू, भांडा. पण असं कुणी सांगतं का शोकसभेत? तुम्ही असतात तर काहीतरी सुचलं असतं तुम्हाला. मी नुसती हातात चित्र धरून उभी.

मोठ्या बाईंनी टेबलावर पट्टी आपटली. "गुरुजींच्या फोटोसमोर लाज नाही वाटत? बसा आपापल्या जागेवर!"

आणि पोरं बसली, गुरुजी. मुकाट्यानं. वरल्या आळीची भिंतीकडं, खालच्या आळीची व्हरांड्याकडं. मधे जागा सोडून. वर्गात अगदी शांत झालं. मोठ्या बाई म्हणाल्या, आता दोन मिनिटं उभं राहून गुरुजींच्या आत्म्याला शांती मागू. सगळे उभे राहिले, डोळे मिटले. माझे मिटेनात. मी ती मधली सतरंजी बघत होते, आणि मला हुंदका आवरेना. बाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. त्यांना वाटलं, मला तुमची आठवण आली.